पेठेतल्या टाळ्या

"महिन्याची रेशनची साखर ह्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्याच चहात गेली," पडद्याआड चहा गाळताना हाजरा पुटपुटली.

सेहेचाळीसच्या निवडणुकीत तिचे पती वकीलसाहेब काँग्रेसतर्फे मुसलमानांच्या राखीव जागेवर उभे होते. बाहेर जोशी मास्तर हरखून सांगत होते, "पेठेत पाच हजार माणूस, साहेब! निवडून आलातच."

"मग उद्याही पेठेतच सभा ठेवा," साहेब म्हणाले.

हाजरानं किटली आपटली आणि पडदा सारून सरळ पुढे आली.

"अहो, ह्या जागेला मत फक्त मुसलमानांचं. पेठ सगळी हिंदूंची, तिथला एकही माणूस तुम्हाला मत देऊ शकत नाही. आणि मुस्लिम लीगकडे झुकलेल्या आपल्या मोहल्ल्यात महिनाभर तुमची एक सभा नाही."



"वेळ कुठं मिळतो?" साहेब म्हणाले.

"वेळ आहे. आपल्याच माणसांसमोर उभं राहायला तुम्ही घाबरता."