खोलीबदल

सहलीच्या त्या जहाजावर दोन केबिनींच्या मध्ये एक दार होते व त्यास दोन्ही बाजूंनी कड्या होत्या. वृद्ध गुरुजींनी आपल्या बाजूची कडी पहिल्याच दिवशी काढून ठेवली होती. चौथ्या दिवशी सकाळी केबिनींची देखभाल करणारा सेवक दारात येऊन अवघडून उभा राहिला.

"आजोबा, राग मानू नका. तुमच्या खोकल्याचा आवाज पलीकडे फार जातो म्हणे. वरच्या मजल्यावर एक केबिन रिकामी आहे. खिडकी उघडली की समुद्र नुसता अंगणात!"

"तक्रार आली का?"

"तक्रार कसली! साहेब भला माणूस आहे. 'माझं नाव त्यांना कळू देऊ नका, वाईट वाटेल,' असं चार वेळा बजावलंय मला."

गुरुजींनी काही काळ त्या दाराकडे पाहिले. मग औषधांच्या बाटल्या एकेक करून पिशवीत ठेवू लागले.

"साहेबांना सांगा, म्हाताऱ्याला समुद्र पाहायचा होता, म्हणून त्यानेच केबिन बदलून मागितली," ते शांतपणे म्हणाले. "मुलगा आहे माझा. लहानपणापासून फार मनाला लावून घेतो."