एकशे सत्तावीस

काटोलहून रुपरावाचं पत्र आलं, त्याच दुपारी मनोहररावांना उत्तर सापडलं होतं. कळवायचं मात्र राहून गेलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

रुपरावानं लिहिलं होतं, ‘७३९३९१३३ ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. शेवटचा आकडा पूस, उरते तीही मूळच. असं पुसत पुसत सातापर्यंत ये. आता मी शेवटी आणखी एक ३ जोडलाय. एकशे तेरापर्यंत भागून पाहिलं, भाग जात नाही. साखळी लांबली म्हणायची. तू काय म्हणतोस?’

मनोहररावांनी पुढची मूळ संख्या घेतली, एकशे सत्तावीस. बाकी शून्य आली.

पण कॉलेजात गणितात पहिला यायचा तो रुपराव. आपलंच कुठेतरी चुकलं असणार. त्यांनी पुन्हा भागलं. पुन्हा शून्य. कागद गादीखाली गेला.

आज सकाळी धरमपेठेतल्या घरात तो पुन्हा बाहेर निघाला होता. समोर सुभद्राबाई वाटाणे सोलत होत्या.

“अवो, फोनवर पाहून घ्या न. नात मिनिटात सांगन.”

“त्यानं फोनला नाही विचारलं. मला विचारलं.”

“मग सांगा न त्याले. काहून बसून राहिले?”

“माझं चुकलं असेल तर?”

“आणा इकडे. भागाकार तुमचा, गुणाकार माझा.”

मनोहररावांनी भागून आलेलं ५८२१९७९ लिहून दिलं, खाली १२७. सुभद्राबाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तीन ओळी मांडल्या आणि उजवीकडून बेरीज सुरू केली. मनोहरराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

“तीन. तीन, हातचा एक. तीन. एक.”

ते वळले.

“नऊ. तीन.”

“आता नऊ येईल,” ते जवळ येत म्हणाले.

“मधात बोलू नका. मी करून राहिली न.” त्यांनी लिहिलं. “नऊ. तीन. सात.”

कागदावर ७३९३९१३३३ उभी होती.

“भाग जातो,” मनोहरराव म्हणाले. मग इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या गॅलरीतून कोणीतरी डोकावलं.

“रुपरावले वाईट वाटन.”

“वाटेल. मग तो नऊ जोडून पाहील. सम आकडे आणि पाच तर बादच. एक किंवा सात जोडला तर तिनानं भाग जातो. नऊ उरतो, सुभद्रा. नऊ अजून उरतो.” त्यांना चपला सापडत नव्हत्या. त्या पायातच होत्या.

पोस्टकार्डावर त्यांनी लिहिलं, ‘१२७ गुणिले ५८२१९७९. करून पाहा. आता ९ घेऊ. हजाराच्या आतले भाजक माझ्याकडे, वरचे तुझ्याकडे.’

खाली दोन बोटं जागा उरली. तिथं ते आयुष्यभर ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहीत आले होते. आज तिथं त्यांनी आपलं नाव जरा मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कोपऱ्यावर जाऊन कार्ड पेटीत टाकलं.