अस्सल लोकर

सासूबाईंनी दोन्ही सुनांना एकाच रंगाच्या लोकरी शाली दिल्या होत्या. "माझ्यापाशी डावं-उजवं नाही," हे वर ऐकवलंही होतं. अदलाबदल नको म्हणून थोरलीच्या शालीला त्यांनी स्वतःच्या हाताने लाल दोऱ्याची खूण घातली होती. धाकटी परगावी राहायची, म्हणून दोन्ही शाली थोरलीच्याच ट्रंकेत असायच्या.

यंदा धाकटी आली असताना ट्रंक उघडली तर धाकटीच्या शालीची कसर लागून पार चाळण झाली होती. थोरलीच्या शालीला मात्र साधं भोक नव्हतं. इतकी वर्षं केलेली सासूबाईंची सेवा देवाने कुठेतरी बघितली, असं तिला वाटून गेलं.

"बघ, माझी कशी शाबूत राहिली," ती म्हणाली.

"नवलच आहे, वहिनी," धाकटी आपली शाल उजेडात धरत म्हणाली. "ड्रायक्लीनर तर म्हणाला होता, कसर अस्सल लोकर सोडत नाही. नायलॉनला मात्र ती तोंडसुद्धा..."

आणि तिने जीभ चावली.

थोरलीचं बोट लाल दोऱ्यावर थांबलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली.

"अगं थोरले, पाय चेपतेस ना? तुझ्या हाताची सर कुणाला नाही बघ."