पितराचं पान

गोठ्याच्या ठेंगण्या टिनाच्या छपरावर ठेवलेल्या पानाकडे कावळे नुसते बघत होते. कढी, वडे, खीर, गवारीची भाजी, सगळं उकंडरावांच्या आवडीचं. पण समोरच्या निंबावर बसलेला एकही कावळा खाली उतरेना. दरवर्षीचंच होतं हे. मेडशीतल्या बाकी घरांची पानं सकाळीच फस्त झाली होती. तुळसाबाईंचा जीव तीळतीळ तुटत होता. कोरोनात गेलेला नवरा अजून उपाशीच होता.

तेवढ्यात हातात टॅब घेतलेली वैष्णवी आली. महामारीत देशाच्या सरकारनं काम कसं केलं, याचं मूल्यमापन करत तिची संस्था गावोगाव फिरत होती. सरकारी काम अन् सहा महिने थांब, म्हणतात. इथं ते काम कसं झालं हे विचारायलाच वर्षं लोटली होती.

तुळसाबाईंनी तिला ओट्यावर बसवलं. लस? मिळाली. रेशन? मिळालं. खोटं कशाला बोला, दोन्हीला पाचपैकी चार गुण दिले.

"आणि प्रेत सन्मानानं ताब्यात मिळालं का?"

"भेटलं. पिलास्टिकात बांधून. वरतं नावाची चिठ्ठी होती."

"चेहरा पाहिला?"

"पाहू देल्ला नाही."

"तेव्हा नियमच होता तो, आजी. किती गुण लिहू?"

तुळसाबाईंनी अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दुपार झाली, पोरी. कावळा शिवल्याबिगर आमच्या घरचं तुले वाढता येत नाही. तुहा डबा खाऊन घे."

वैष्णवीनं डबा उघडला, आणि भिंतीवरच्या फोटोत उकंडरावांच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसताच जीभ चावली. डब्यात अंड्याची भुर्जी होती. ती घाईनं झाकण लावू लागली.

"थांब."

तुळसाबाई निंबाकडे बघत होत्या. कावळे सरकत सरकत खालच्या फांदीवर आले होते. या घरात आजवर अंड्याचं टरफलसुद्धा आलं नव्हतं. त्यांनी चिमूटभर भुर्जी उचलली आणि टिनावरच्या पानात वाढली.

एकच कावळा उतरला. पंखांचा आवाजसुद्धा झाला नाही. त्यानं आधी भुर्जी खाल्ली, मग वडे, मग खीर. बाकीचे फांदीवरून बघत राहिले. पान साफ झाल्यावर तो मान वाकडी करून तुळसाबाईंकडे पाहू लागला, अनोळखी घरी पोटभर जेवलेला पाहुणा पाहतो तसा.

 तुळसाबाईंनी हात जोडले.

"जेवला, बापा? कोनाचा हायेस तू?"

कावळा उडाला. वैष्णवीचं बोट टॅबवर तसंच अडकून राहिलं होतं. "आजी... गुण?"

तुळसाबाईंनी रिकाम्या पानावरून नजर काढली आणि दूर रस्त्याकडे पाहिलं.

"मंग आमचा माळकरी बुढा कोनाच्या दारात उपाशी बसला असंन वं, पोरी?"