पहिली बस

झेंडूच्या माळा घातलेली बस वसाहतीच्या पाण्याच्या टाकीपाशी येऊन थांबली, तेव्हा लोकांनी भास्करराव चौबळांनाच आधी चढवलं. त्यांच्यामागोमाग त्यांची चौदा वर्षांची मुलगी कुमुद चढली.

महायुद्ध संपल्यावर शहराबाहेरच्या माळावर ही कौलारू घरं उभी राहिली. शहरात एका खोलीत दाटीवाटीनं राहणाऱ्यांना इथे दोन खोल्या आणि अंगण मिळालं, पण इस्पितळ चार मैल लांब राहिलं. कुमुद सहा वर्षांची असताना तिची आई बाळंतपणात गेली. "तेवढंच आयुष्य होतं तिचं," यापलीकडे भास्करराव काही सांगत नसत. दर रविवारी ते बससाठी अर्ज लिहायला बसत आणि कुमुदला त्या अर्जांचा राग येई.

बस इस्पितळासमोर थांबली. भास्कररावांनी कंडक्टरला विचारलं, "किती वेळ लागला?"

"वीस मिनिटं, साहेब."

ते जागचे हलले नाहीत. कुमुदनं हळूच विचारलं, "बाबा, आईला आणलंत तेव्हा किती लागला होता?"

"टांगा मिळेपर्यंतच तास गेला. मग चिखलात चाक रुतलं, म्हणून तिला उचलून चालत निघालो. वाटेतच गेली ती. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं."

कुमुदनं त्यांचा हात घट्ट धरला.

मागच्या बाकावरची, दिवस भरत आलेली शेजाऱ्यांची सून सावकाश खाली उतरली. ती इस्पितळाच्या फाटकातून आत जाईपर्यंत भास्करराव खिडकीतून पाहत राहिले.