दाराबाहेरची रांग

"दारं अजून उघडू नका," वॉरन टीग वॉकीटॉकीवर म्हणाला. "रांग कोपऱ्यापर्यंत जाऊ दे."

शाळेचं सभागृह ऊबदार होतं आणि पूर्ण रिकामं. बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी अशी थंडी. आयोवातल्या त्या गावातली माणसं मुकाट्यानं बर्फात उभी होती. गर्दी कमी असली तर दार उशिरा उघडावं, हे वॉरनला प्रचारसभांच्या धंद्यात मुरल्यापासून पाठ होतं. भरलेल्या खुर्च्या टीव्हीवर कुणी दाखवत नाही. थंडीत ताटकळणारी माणसं मात्र दाखवतात.

गव्हर्नर हॉलिस ब्रँट यांची राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची धडपड शेवटच्या घटका मोजत होती. सोमवारी पक्षाचे लोक कौल देणार होते आणि जनमत चाचण्यांमध्ये ब्रँट पार मागे. देणगीदारांनी फोन उचलणं सोडलं होतं. आज संध्याकाळच्या बातम्यांत साहेब दिसले नाहीत, तर उद्या सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा. वॉरन याआधी बऱ्याच उमेदवारांबरोबर हरला होता. आता हरला तर त्याला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

म्हणून त्यानं एक तजवीज केली होती. शेजारच्या गावात ऑर्व्हिल स्टेन्सरूड नावाचा एक म्हातारा हौशी नट राहायचा. ओळखीतून नंबर मिळाला, बोलणं फोनवरच झालं. तिथले शेतकरी घालतात तशी लाल चौकड्यांची कानटोपी घालायची, रांगेत पुढे उभं राहायचं, आणि साहेबांची बस वळणावर दिसली की कोसळायचं. साहेब धावत येणार, अंगावरचा कोट काढून त्याला पांघरणार, कॅमेरे ते टिपणार.

"मी तीन नाटकांत मेलोय," म्हातारा फोनवर म्हणाला होता. "पडायचं मला शिकवू नका."

साहेबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असायची गरजही नव्हती. माणूस खरोखरच कनवाळू होता, आणि म्हणूनच तर मागे पडला होता.

वॉरन बाहेर आला. लाल टोपी जागेवर होती, दारापासून जवळच. बस वळणावर दिसायच्या जरा आधीच म्हातारा कोसळला. या हौशी नटांना धीर म्हणून नसतो, वॉरन मनात म्हणाला. पण पडला मात्र झकास. हात पुढे न करता, तोडलेल्या झाडासारखा.

रांगेतून एक बाई पुढे घुसली. "सरका, मी नर्स आहे."

वॉरननं तिचा दंड धरला. "बाई, आमचे डॉक्टर बसमध्ये आहेत. त्यांना बघू द्या."

"अहो, ओठ निळे पडलेत त्यांचे."

"ही काय, बस आलीच."

बसमध्ये डॉक्टर वगैरे कुणी नव्हता. बस थांबते न थांबते तोच साहेबांनी उडी टाकली, घसरले, सावरले आणि बर्फात गुडघे टेकून बसले. कोट काढून म्हाताऱ्याला गुंडाळला. त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. कॅमेरे भोवती गोळा झाले.

म्हातारा पुटपुटला, "आयरीन, स्टोव्ह बंद केलास का?"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. वॉरननं मनातल्या मनात दाद दिली. हे वाक्य म्हाताऱ्याला कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

"ॲम्ब्युलन्स बोलव," साहेब म्हणाले.

"बोलावलीय, साहेब. जरा असेच बसून राहा."

बोलावली नव्हती. दवाखान्यात तपासलं तर म्हातारा ठणठणीत निघणार आणि मग बातमी भलतीच होणार. कॅमेऱ्यांचं पोट भरल्यावर वॉरननं प्रचाराच्या व्हॅनवरच्या रमोनाला बाजूला घेतलं.

"याला मोटेलवर ने. माझ्या खोलीत निजव, कॉफी ठेव आणि परत ये."

"मोटेलवर? वॉरन, ते डोळेसुद्धा उघडत नाहीयेत."

"अगं, नाटक आहे," तो तिच्या कानात म्हणाला. "नट आहे तो."

रमोनानं छातीवर हात ठेवला. "मेल्यानं जीवच घेतला होता माझा."

मग दारं उघडली. सभागृह भरलं, आणि साहेब आजवर बोलले नव्हते असे बोलले. थंडीत पडलेल्या माणसाला ओलांडून जाणारा देश आपला नव्हे, म्हणाले. टाळ्या थांबेनात. वॉरनच्या फोनवर मोठमोठ्या वाहिन्यांची नावं झळकू लागली. एका रुसलेल्या देणगीदारानं तर स्वतःहून फोन केला.

नको असलेलं एकच माणूस त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं. डेनिस कोवाल्की, जिल्ह्याच्या वर्तमानपत्राची वार्ताहर. दोघं एकमेकांना पूर्वीपासून ओळखून होते.

"तो म्हातारा कुठाय, वॉरन? दवाखान्यात फोन केला मी. तिथं कुणीच आलेलं नाही."

"घरच्यांनी नेला."

"तुझी व्हॅन मोटेलकडे वळताना पाहिली मी. पाडलास ना त्याला? तुझी सोंगं मला नवी नाहीत."

"एका गरीब म्हाताऱ्याला थंडी बाधली, त्यातही तुला सोंग दिसतं? जनाची नाही तर मनाची तरी धर."

"नाव सांग त्याचं. छापणार नाही. फक्त सांग."

ही बया खणत बसली तर सगळं मुसळ केरात. तेवढ्यात रमोना परत आली. डेनिसकडे बघत तिनं आवाज खाली आणला.

"गाढ झोपलेत. कॉफीला हातसुद्धा लावला नाही."

वॉरनला हायसं वाटलं. झोपू दे बिचाऱ्याला, त्यानं काम चोख केलं होतं. रात्री स्वतः जाऊन आभार मानायचे, असं त्यानं ठरवलं.

मागचं दार उघडलं, थंडगार वारा आत घुसला. लाल चौकड्यांची कानटोपी घातलेला एक म्हातारा बूट आपटत, बर्फ झटकत, माणसांमधून वाट काढत पुढे आला.

"वॉरन टीग कोण हो इथं?" त्यानं विचारलं. "माफ करा, गाडी चरीत गेली, ट्रॅक्टर येईपर्यंत तिथंच अडकलो. मी स्टेन्सरूड. सांगा, कुठं पडायचं?"