पिकअपची टिकटिक

सिकंदर मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. हणमंत बाजूला उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. इंजिन गेलं असेल तर अठरा वर्षांची पिकअप भंगारात जाणार होती, आणि तिच्यामागोमाग हणमंताचा मंडपाचा धंदाही.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून चार वर्षं दोघांत बोलणं बंद होतं. म्हणून हणमंताने मोबाइलवर बघून घरीच तेल बदललं. दुसऱ्या दिवशी गाडी टिकटिकायला लागली आणि त्याला नाक मुठीत धरून इथेच यावं लागलं.

सिकंदरने इंजिन बंद करून डिपस्टिक पाहिली. "तेल निम्मंच आहे. वरपर्यंत पोचतच नाही. कुठल्या गाढवाने बदललं?"

"तालुक्याला एक मिस्त्री आहे," हणमंत पुटपुटला.

"खोटं कशाला बोलता?" पिकअपच्या केबिनमधून हणमंताची बायको कडाडली. "निम्मं तेल माझ्या अंगणात सांडलंय की!"

सिकंदर बॉनेटला धरून पोट दुखेपर्यंत हसला. मग त्याने तेल भरून गाडी चालू केली. टिकटिक गेली होती.

"वहिनी, बसा, चहा सांगतो," तो म्हणाला. "आणि हण्या, तू आधी ते तेलाचे हात धू."